लॅपटॉपला डॉक जोडला, पण मॉनिटर उठेना: यूएसबी-सीचा गुंता सोडवताना

दोन वर्षांपूर्वी ऑफिसने माझा जुना जाडजूड लॅपटॉप काढून घेतला आणि हातात एक पातळ पाटी ठेवली. तिला एकूण तीन भोकं. दोन यूएसबी-सी आणि एक हेडफोनचं. घरच्या टेबलावर मात्र सगळा जुन्या वळणाचा संसार: एचडीएमआयचा मॉनिटर, चपट्या यूएसबीचा कीबोर्ड, लॅनची वायर, बॅकअपची हार्ड डिस्क. म्हणून डॉक मागवला, म्हणजे लॅपटॉपच्या एकाच भोकाला जोडायची आणि बाकी सगळ्या वायरी आपल्यात घेणारी डबी. जोडला. माऊस हलला, लॅपटॉप चार्ज व्हायला लागला आणि मॉनिटरवर अक्षरं आली, 'नो सिग्नल'.

पुढचे अकरा दिवस मी नाही नाही ते केलं. विंडोज अपडेट केलं, मॉनिटर रिक्षात घालून भावाकडे तपासायला नेला, डॉक परत करून दुसरा मागवला. तोही तसाच. शेवटी कारण निघालं ते फारच साधं. डॉकसोबत आलेली केबल हातभर लांबीची होती, टेबलामागून पोचत नव्हती, म्हणून मी पहिल्याच दिवशी फोनच्या चार्जरची दोन मीटरची केबल लावली होती. दोन्ही टोकं यूएसबी-सीच, दोन्हीकडे टक्कन बसत होती. पण चित्र वाहून नेणाऱ्या तारा त्या केबलमध्ये मुळी नव्हत्याच. डॉक बदलला, केबल तीच ठेवली, मग दुसरं काय होणार?

त्यानंतर सोसायटीतले आणि ऑफिसातले लोक 'तुझ्याकडे डॉक चालतो ना' म्हणत माझ्याकडे यायला लागले. त्यातून तपासणीचा एक क्रम बसला. तो इथे देतोय. फुकटच्या गोष्टी आधी, खर्चाच्या शेवटी. पायऱ्या मधूनच उचलू नका. मी तेच केलं होतं.

हाताशी काय ठेवायचं

- डॉकसोबत आलेली मूळ केबल आणि डॉकचा स्वतःचा अडॅप्टर
- लॅपटॉपसोबत आलेला मूळ चार्जर
- चालते अशी खात्री असलेली एक जादा एचडीएमआय केबल
- लॅपटॉपच्या आणि डॉकच्या पोटावरच्या स्टिकरचा फोटो, म्हणजे मॉडेल नंबर सारखा उलटून बघायला नको
- मोबाइलची टॉर्च आणि लाकडी टूथपिक
- ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे ही माहिती
- डॉकचं बिल आणि खोकं. खोकं टाकलं असेल तर परत करताना पंचाईत होते.

१. एका भोकातून तीन गोष्टी जातात, त्यातली कुठली अडली ते बघा

यूएसबी-सी हे फक्त तोंडाचं माप. २०१४ मध्ये हे माप ठरलं, आणि सरळ-उलटं कसंही घाला, बसतं, म्हणून सगळ्यांना आवडलं. पण त्या तोंडामागे काय जोडलंय हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. काही ठिकाणी नुसता डेटा जातो, काही ठिकाणी वीज आणि डेटा, काही ठिकाणी वीज, डेटा आणि चित्र तिन्ही.

आत २४ पिना असतात. काही विजेच्या. एक जोडी जुन्या यूएसबी २.० साठी, जिचा वेग ४८० मेगाबिटच्या वर जात नाही. आणि चार वेगवान जोड्या, ज्या जलद डेटा आणि चित्र आपसांत वाटून घेतात. माझ्या फोनच्या केबलमध्ये वीज होती आणि जुनी जोडी होती, या चार जोड्या नव्हत्या. म्हणून चार्जिंग चालू, माऊस चालू, चित्र गायब.

त्यामुळे 'डॉक चालत नाही' हे वाक्य सोडून द्या. त्याऐवजी हे बघा:

- चार्ज होतो, माऊस चालतो, चित्र नाही: केबल किंवा लॅपटॉपचा पोर्ट, म्हणजे ते भोक. पायरी २ आणि ३.
- चित्र येतं, माऊस चालतो, पण बॅटरी उतरत जाते: वीज. पायरी ४.
- सगळं चालतं, पण अधूनमधून तुटतं: वीज किंवा केबल, आणि कधीकधी खुर्ची. खुर्चीचं पुढे सांगतो, हसू नका.
- चित्र आहे, पण पुसट, अडखळत, किंवा दोन मॉनिटरवर एकच: पायरी ६.
- काहीच नाही, डॉकवरचा दिवासुद्धा नाही: भिंतीतल्या बटणापासून सुरुवात करा. हे मी चेष्टेने म्हणत नाहीये. टेबलामागच्या एक्स्टेंशन बोर्डाचं बटण पायाने बंद झालेलं मी तीनदा पाहिलंय, त्यातलं एकदा माझंच.

२. लॅपटॉपच्या पोर्टची जात ओळखा

पोर्टच्या शेजारी टॉर्च मारून बघा. वीज कोसळल्यासारखा बाण असेल तर तो थंडरबोल्ट, म्हणजे तिन्ही गोष्टी आल्या. इंग्रजी 'डी' अक्षरात 'पी' बसवल्यासारखी खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्र येणार. बॅटरीचं किंवा प्लगचं चित्र असेल तर त्यातून चार्जिंग होतं. नुसतं यूएसबीचं त्रिशूळ असेल तर तो बहुधा डेटापुरता.

काहीच खूण नसेल तर कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलचं माहितीपत्रक उघडा आणि पोर्टांच्या यादीत दोन शब्द शोधा, 'डिस्प्लेपोर्ट' (चित्रासाठी) आणि 'पॉवर डिलिव्हरी' (चार्जिंगसाठी). नेमकं मॉडेल म्हणजे नेमकंच. एकाच नावाच्या मालिकेत स्वस्त लॅपटॉपला साधा यूएसबी-सी आणि महागाला पूर्ण असं सर्रास असतं. दोन पोर्ट असतील तर दोन्ही सारखे असतीलच असंही नाही. दुसऱ्यात घालून बघायला दहा सेकंद लागतात.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा म्हणजे तो छोटासा कन्व्हर्टर, शंभर-दीडशे रुपयांचा, चपट्या यूएसबीचं यूएसबी-सी करणारा. लॅपटॉपला यूएसबी-सी नाही, मग डॉकची केबल या कन्व्हर्टरमधून चपट्या पोर्टात घालायची, अशी आयडिया प्रत्येकाला सुचते. माऊस-कीबोर्ड चालतात, त्यामुळे जमलं असं वाटतं. पण चपट्या पोर्टातून ना डिस्प्लेपोर्टचं चित्र येतं ना लॅपटॉप चार्ज होतो. अपवाद फक्त डिस्प्लेलिंक जातीच्या डॉकचा, त्याचं पुढे येईल.

दुसरा सापळा दिशेचा. यूएसबी-सी ते एचडीएमआय अशी जी केबल मिळते ती एकाच बाजूने चालते: लॅपटॉपच्या यूएसबी-सीकडून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला यूएसबी-सी, म्हणून तीच केबल उलटी लावली तर काहीही होत नाही. त्यासाठी वेगळा, उलट दिशेचा कन्व्हर्टर लागतो आणि तो महाग असतो.

३. केबलवर सगळ्यात आधी संशय घ्या

माझ्याकडे आलेल्या डॉकच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार केबलच निघाली. म्हणून इथे जरा थांबू.

यूएसबी-सीच्या दोन केबल शेजारी ठेवल्या तर डोळ्यांनी फरक कळत नाही. एक चार्जिंगपुरती, दुसरी ४० गिगाबिटची थंडरबोल्ट, तोंड दोन्हींचं सारखं. हाताला मात्र थोडा अंदाज येतो. पूर्ण केबल जाड असते, वळवताना अडते, टेबलाच्या कडेवरून खाली टाकली तर लगेच लोंबत नाही. फोनची केबल मऊ, दोऱ्यासारखी पडते. हा काही पुरावा नव्हे, पण संशयाला पुरेसा.

मग टोकाच्या प्लास्टिकवर काय छापलंय ते बघा. १०, २०, ४० असे आकडे असतील तर तो डेटाचा वेग, गिगाबिटमध्ये. ६० किंवा २४० वॅट असेल तर तो विजेचा. बाणाची खूण आणि ३ किंवा ४ आकडा असेल तर थंडरबोल्ट. काहीच छापलेलं नसेल तर ती केबल डॉकसाठी नाही असं समजून बाजूला ठेवा. आणि '२४० वॅट' वाचून हुरळून जाऊ नका. वीज भरपूर आणि डेटा यूएसबी २.० चा, अशा केबलही मिळतात, आणि त्यांच्यातून चित्र येत नाही.

लांबीचाही प्रश्न असतो. डॉकसोबत येणारी केबल आखूड असते ती कंपनी कंजूष म्हणून नव्हे. ४० गिगाबिटचा वेग साध्या तांब्याच्या केबलमधून जेमतेम ०.८ मीटरपर्यंत धडपणे जातो. दोन मीटर हवी असेल तर टोकांत चिप असलेली ॲक्टिव्ह केबल घ्यावी लागते आणि तिची किंमत ऐकून माणूस टेबलच भिंतीपासून पुढे ओढतो. मी ओढला.

यूएसबी-सीची एक्स्टेंशन केबल, म्हणजे एका टोकाला भोक आणि दुसऱ्या टोकाला पिन, घेऊ नका. यूएसबीच्या नियमांत अशी केबल बसतच नाही. बाजारात मिळते, कधी चालतेही, पण चित्र लुकलुकायला लागलं की आधी तीच काढा.

आता भोकाकडे बघा. लॅपटॉप बॅगेतून रोज फिरत असेल तर पोर्टात कापसाचा, धुळीचा लगदा साठतो. केबल आत जाते, पण शेवटचा केसभर भाग बसत नाही. वीज येते, बाकीच्या पिना टेकत नाहीत. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, लाकडी टूथपिकने भोकाच्या कडेकडेने हलक्या हाताने लगदा बाहेर ओढा. मधल्या पट्टीला टोचू नका. सुई किंवा टाचणी तर अजिबात नको. आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या लॅपटॉपमधून मी गव्हाच्या दाण्याएवढी राखाडी गोळी काढली आणि त्यांचा 'बिघडलेला' डॉक तिथल्या तिथे चालला. त्यांनी ती गोळी कागदावर ठेवून काकांना दाखवली.

४. विजेचा हिशेब घाला

आधी एक फरक लक्षात घ्या. केबल चिकटूनच आलेला, चॉकलेटच्या बारएवढा तो हब. त्याला स्वतःची वीज नसते, लॅपटॉपचा चार्जर त्याच्यातून पुढे जातो. आणि स्वतःचा विटेएवढा अडॅप्टर घेऊन येतो तो खरा डॉकिंग स्टेशन. दुकानात दोघांनाही डॉकच म्हणतात.

हबच्या खोक्यावर '१०० वॅट' लिहिलेलं असतं, तो आत घेण्याचा आकडा. स्वतःसाठी काही राखून हब उरलेली वीज पुढे देतो, बऱ्याचदा ८५ ते ९०. म्हणजे तुमचा चार्जर ६५ वॅटचा असेल तर लॅपटॉपपर्यंत ५० च्या आसपासच पोचतात. ऑफिसच्या साध्या कामाला पुरतं. व्हिडिओ कॉल, दोन मॉनिटर आणि तीस टॅब उघडले की चार्जर लावूनसुद्धा बॅटरी उतरते. विंडोज तेव्हा कोपऱ्यात 'स्लो चार्जर' अशा अर्थाची सूचना देतं आणि आपण ती झटकून टाकतो. मॅकवर 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये 'पॉवर' उघडलं की किती वॅटचा चार्जर लागलाय ते सरळ आकड्यात दिसतं.

केबलही इथे आड येते. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरपर्यंत नेते. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. त्याच्या वर जायचं तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी एक बारीक चिप लागते. ती नसेल तर १०० वॅटचा चार्जर लावा की १४० चा, मिळणार ६० च. गेमिंगचे किंवा ग्राफिक्सचे मोठे लॅपटॉप याहून बरंच जास्त मागतात. त्यांना डॉकवरून चार्ज करायच्या फंदात पडू नका, मूळ चार्जर वेगळा लावा.

हार्ड डिस्क 'टक टक' करून गायब होत असेल तर तेही विजेचंच लक्षण. फिरत्या चकतीची डिस्क बिनविजेच्या हबला लावली की हे होतं. हबला चार्जर जोडा किंवा डिस्क थेट लॅपटॉपला लावा. कॉपी चालू असताना तुटली तर फाइल खराब होऊ शकते, म्हणून हा प्रयोग बॅकअपच्या डिस्कवर करू नका.

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट. डॉक धातूचा, लॅपटॉप धातूचा, आणि त्यावर मनगट टेकवलं की मुंग्या येतात? अर्थिंग बघा. दोन पिनांचा प्लग असेल, किंवा तीन पिनांचा असूनही भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगची तार पोचलेलीच नसेल, तर असं होतं. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे फार. मुंग्यांनी सहसा इजा होत नाही, पण वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या. जोराचा झटका बसला तर तो अडॅप्टर पुन्हा लावू नका. नवीन अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं बघा.

५. एकदा सगळ्यांची झोप मोडा

लाइट गेली, इन्व्हर्टरवर गेलं, परत आली, आणि त्या पाव सेकंदाच्या झटक्यात डॉक अर्धवट अडकून बसला, हे पावसाळ्यात आमच्याकडे महिन्यातून दोनदा होतं. दिवा चालू असतो, काम बंद असतं. तेव्हा हे करा:

- लॅपटॉप बंद करा. विंडोजमध्ये नुसतं 'शट डाउन' पूर्ण बंद करत नाही, पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून थोडं राखून ठेवतं. शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' करा.
- डॉकचं सगळं काढा: मॉनिटर, लॅन, माऊस, लॅपटॉपची केबल. शेवटी भिंतीतला प्लग. मॉनिटरचाही प्लग काढा.
- लॅपटॉपचा चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. ॲपल सिलिकॉनचं, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या एम-१, एम-२ अशा चिपचं मॅकबुक असेल तर नुसतं बंद करून तेवढंच थांबलं तरी चालतं.
- दोन मिनिटं थांबा. चहा ठेवा.
- आता डॉकला वीज द्या, लॅपटॉप चालू करा, लॉगिन झाल्यावर डॉकची केबल जोडा. बाकी काही नाही.
- मग मॉनिटर, मग कीबोर्ड-माऊस, मग लॅन, मग डिस्क. एकेक, मध्ये दहा सेकंद.

एकेक जोडण्याला कारण आहे. एखादा बिघडलेला पेन ड्राइव्ह किंवा जुना वेबकॅम अख्ख्या हबला खाली ओढतो. सगळं एकदम जोडलं तर दोषी सापडत नाही.

६. चित्र आहे, पण मनासारखं नाही

आधी मॉनिटरचं बटण दाबून इनपुट बघा. केबल एचडीएमआय २ मध्ये आणि मॉनिटर एचडीएमआय १ वर ताटकळतोय, हे होतंच. मग विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि 'पी' दाबून 'एक्स्टेंड' निवडा. मॉनिटर जागा आहे पण काळा आहे, असं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' एकत्र दाबा. 'टिक' असा आवाज येतो, स्क्रीन क्षणभर जाते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडं काम तसंच राहतं.

फोर-के मॉनिटर घेतला आणि माऊसचा बाण चिखलातून चालल्यासारखा चालतो, ही दुसरी तक्रार. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', 'डिस्प्ले', 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं, ते बघा. तिथे ३० हर्ट्झ दिसेल. पहिल्या पायरीतल्या चार वेगवान जोड्या आठवा. हब त्यातल्या दोन डेटाला देतो, दोन चित्राला. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन जोड्यांत फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच मावतं. १.४ असेल तर ६० मावतं, पण मग लॅपटॉप, हब आणि पुढचं एचडीएमआय तिघंही त्या तोडीचे हवेत. एचडीएमआय १.४ सुद्धा फोर-के ला ३० वरच अडतं, ६० ला २.० लागतं. हबच्या खोक्यावर 'फोर-के' मोठ्या अक्षरात असतं आणि '३० हर्ट्झ' मुंगीएवढ्या. उपाय दोन: रिझोल्यूशन खाली आणून ६० हर्ट्झ मिळवा, किंवा ६० लिहिलेला हब घ्या. दिवसभर अक्षरं वाचायची असतील तर ३० हर्ट्झवर राहू नका, डोळे आणि मनगट दोन्ही कुरकुरतात.

आता दोन मॉनिटर. इथे मॅकवाल्यांची सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सविस्तर सांगतो. बरेच डॉक एकाच डिस्प्लेपोर्टच्या धारेतून दोन मॉनिटर चालवतात. या पद्धतीला एमएसटी म्हणतात. विंडोजला ती समजते. मॅकओएसला ती स्वतंत्र स्क्रीनसाठी समजत नाही, म्हणून दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. डॉक बिघडलेला नाही, तो परत करून तसाच दुसरा मागवू नका.

त्यात चिपचीही मर्यादा. एम-१ आणि एम-२ च्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. एम-३ च्या एअरला दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण मिटलेलं हवं. एम-४ ला झाकण उघडं ठेवूनही दोन. तुमचं मशीन कुठलं ते बघा आणि मग डॉकवर पैसे घाला.

यातून पळवाट म्हणजे डिस्प्लेलिंकचा डॉक. तो चित्र डेटा म्हणून, दाबून पाठवतो आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. त्यामुळे साध्या यूएसबी पोर्टावरही मॉनिटर चालतो. पण त्याला ड्रायव्हर टाकावा लागतो, आणि मॅकवर त्याला 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची परवानगी द्यावी लागते. ती सूचना वाचून लोक घाबरतात आणि 'नको' म्हणतात, मग मॉनिटर काळा. मॅकवर अशा डॉकमधून ओटीटीवरचे सिनेमेही काळे दिसतात, आवाज फक्त येतो. कॉपी रोखणाऱ्या बंदोबस्ताचा तो परिणाम. कोष्टकं आणि ईमेलसाठी उत्तम, व्हिडिओ एडिटिंगसाठी मी घेणार नाही.

मॅकबद्दल शेवटचं: मॅकओएसच्या व्हेंचुरा आणि पुढच्या आवृत्त्यांत नवीन डॉक जोडला की 'ही ॲक्सेसरी जोडू द्यायची का' असं विचारतात. तेव्हा झाकण मिटलेलं असेल तर तो प्रश्न दिसतच नाही. पहिल्यांदा जोडताना झाकण उघडं ठेवा.

७. लॅन, माऊस आणि खुर्ची

ऑफिसात डॉकवरून लॅन लागत नाही, घरी तोच डॉक छान चालतो, असं असेल तर डॉकला दोष देऊ नका. डॉकमध्ये स्वतःचं नेटवर्क कार्ड असतं आणि त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, वेगळा असतो (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही). नोंद असलेल्या यंत्रांनाच आत घेणारं नेटवर्क या नव्या पाहुण्याला दारातच अडवतं. आयटीवाल्यांना डॉकचा हा क्रमांक द्या, दोन मिनिटांचं काम असतं.

झोपेतून उठल्यावर लॅन गायब होत असेल तर विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या नेटवर्क कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी बंद करायची परवानगी असते, तिची टिक काढा. काही लॅपटॉपवर तो विभागच दिसत नाही, तिथे केबल काढून घालण्यावाचून इलाज नसतो.

वायरलेस माऊस अडखळतो? त्याचं बारीक रिसीव्हर डॉकच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात, हार्ड डिस्कला खेटून लावलंय का बघा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो आणि माऊसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. साध्या यूएसबी २ च्या एक्स्टेंशन वायरने रिसीव्हर वीतभर लांब नेला की माऊस सुधारतो. ती वायर पन्नास-साठ रुपयांत येते.

आणि खुर्ची. आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याचा मॉनिटर तो जागेवरून उठला की दोन सेकंद काळा पडायचा. केबल बदलली, डॉक बदलला, मॉनिटर बदलला. शेवटी लक्षात आलं की खुर्चीच्या गॅसच्या दांड्याचा आणि कपड्यांच्या स्थिर विजेचा झटका केबल पकडत होती. डॉक बनवणाऱ्यांना हा प्रकार माहीत आहे. केबल टेबलाच्या मागून, खुर्चीपासून लांब नेली, चांगल्या आवरणाची एचडीएमआय लावली, आणि थांबलं. कोरड्या थंडीत हे जास्त होतं.

८. ड्रायव्हर आणि फर्मवेअर

इथवर येऊनही अडलं असेल तरच इकडे या. क्रम असा: लॅपटॉपचं बायोस (विंडोजच्याही आधी जागं होणारं मूळ सॉफ्टवेअर), मग थंडरबोल्ट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर, शेवटी डॉकचं फर्मवेअर (डॉकच्या पोटातलं सॉफ्टवेअर). सगळं लॅपटॉपच्या आणि डॉकच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी सॉफ्टवेअरं उतरवू नका.

फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर डॉक कायमचा दगड होऊ शकतो. लाइट जायची वेळ ठरलेली असेल तर ती टाळा, इन्व्हर्टर असेल तर डॉक त्यावर घ्या, आणि 'अडकलंय वाटतं' म्हणून केबल उपटू नका. माझं एकदा बावीस मिनिटं एकाच टक्क्यावर बसलं होतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर बायोसला हात लावू नका, ते आयटीचं काम.

९. तरीही नाहीच, तर

दुसऱ्याचा लॅपटॉप तुमच्या डॉकला लावा, आणि तुमचा लॅपटॉप दुसऱ्याच्या डॉकला. केबल डॉकच्या मूळच्या. या दोन जोडण्यांनी दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं, तेही पैसे न घालता.

नवा घ्यायचाच असेल तर लॅपटॉप बरोबर घेऊन जा. पुण्यात तपकीर गल्ली असो की मुंबईत लॅमिंग्टन रोड, काउंटरवर जोडून दाखवा म्हणायला लाजू नका. दुकानाचा मॉनिटर फोर-के नसेल तर ६० हर्ट्झची परीक्षा तिथे होणार नाही, म्हणून परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. मला एकाने 'सगळ्याला चालतं' म्हणून केबल दिली होती. ती चार्जिंगला चालते. फोनच्या.

आयटी हेल्पडेस्कला किंवा कंपनीच्या सपोर्टला लिहायचं असेल तर असं लिहा: लॅपटॉपचं मॉडेल अमुक, डॉकचं अमुक, केबल डॉकसोबतचीच. चार्जिंग होतं, कीबोर्ड चालतो, लॅन चालतं. एचडीएमआयच्या दोन्ही पोर्टांवर चित्र नाही. याच डॉकवर, याच मॉनिटरवर दुसरा लॅपटॉप चालतो. बायोस आणि ड्रायव्हर अमुक तारखेचे. सगळं उपटून, शिफ्टसह शट डाउन करून पाहिलं आहे. हे शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर पहिलं उत्तर 'रीस्टार्ट करून बघा' असं येतं आणि त्यात एक दिवस जातो.